पहिला पेला मालकाचा

नलडांगी, २२ पौष

दुलाभाई,

पत्राच्या डोक्यावर सलाम लिहायचा असतो, एवढं शिक्षण माझंही झालंय. पण सकाळपासून तो हातातून कागदावर उतरत नाही. तेव्हा तो राहू दे.

दुपारपासून तुम्ही फोनवर फोन करताय. मी उचलणार नाही. फोनवर तुम्ही जिंकता. तुमच्या जिभेला मुळातच पाक चढलेला, दोन वाक्यांत समोरचा माणूस ‘बरं बरं’ म्हणायला लागतो. मा अशीच पाघळली होती, माझी थोरली बहीण बुबूही. लग्नाच्या बोलण्यात मीसुद्धा तुमच्याच बाजूनं बोललो होतो, मला बहिणीपेक्षा तुमची मोटरसायकल जास्त आवडली होती म्हणून. कागदावर मधे कुणी तोंड घालत नाही. मोकबूल चाचा त्याच्या व्हॅनरिक्षातून आमच्या वाघळं तपासणाऱ्या टीमची बर्फाची खोकी आणतो-नेतो, त्याच्या हाती पत्रं येत जातील. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

आता सकाळचं. तुमच्या लक्षात आहेच. पण तुमच्या लक्षातलं आणि इतरांच्या लक्षातलं यांत पुढे फार फरक पडत जातो, असा अनुभव आहे, म्हणून माझ्या बाजूचं लिहून ठेवतो.

धुकं उठलं नव्हतं. ढाक्याची गाडी तुमच्या अंगणात लागलेली, शाली पांघरलेली माणसं हात चोळत उभी. बाकड्यावर काचेचे पेले. मडक्याच्या तोंडाला नवी पांढरी जाळी. आणि तुम्ही मोबाइलसमोर, ‘बघा, ही जाळी बघा, आमच्या खजुरीच्या रसाला वाघळाचा वाराही लागत नाही.’ मी कुंपणापाशी होतो. अंगात टीमचं जॅकेट, त्यामुळे पाहुण्यांना वाटलं मी कुणीतरी सरकारी.

मी म्हटलं, ‘दुलाभाई, पहिला पेला मालकाचा.’

तुम्ही हसलात. ‘अरे जोबेद, पाहुण्यांच्या आधी मी पिऊ? आपल्यात अशी रीत आहे का?’

‘नसेल तर आजपासून पाडू या.’

लोकरी टोपीवाले गृहस्थ म्हणाले, ‘पोरगा बरोबर बोलतोय. काय मालक, आपलाच माल आपल्याला सोसत नाही की काय?’

‘सोसतो ना साहेब, रोजचाच आहे. आज जरा पोट...’

‘पोटाला रसानं काय होतंय?’ त्यांची बायको म्हणाली. ‘उलट साफ होईल.’

सगळे हसले. पेला मी भरला. मडकं तुमचं, जाळी तुमची, पेला तुमचा, झाड तुमचं. माझी फक्त मूठ. मी त्यात काही मिसळलं नाही, हे कुणीही कुठल्याही मशिदीत उभं करून विचारावं.

बुबू गेल्यापासून तुम्ही कच्च्या रसाला शिवला नाहीत, हे मला मोकबूल चाचानं सांगितलं होतं. ‘मातुब्बर हल्ली काळा चहा पितो,’ म्हणाला, ‘तोही उकळून उकळून डांबर केलेला.’ म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. मला तेच बघायचं होतं, ठाऊक आहे की नाही. पेला ओठाला लावताना तुमचा हात असा कापला की थोडा रस दाढीवर सांडला, आणि माझं सगळं समाधान तिथंच झालं. मग तुम्ही डोळे मिटून एका दमात संपवलात. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मी म्हटलं, ‘आता तुम्ही लोक तीन आठवड्यांनी या. हे टिकले तर तुम्हीही प्या. गेल्या हिवाळ्यात यांची बायको निपानं गेली, आणि तिच्यामागून सासू.’

टोपीवाल्यांनी पेला इतका हळू खाली ठेवला, जणू तो फुटला तर आतलं काही अंगावर येईल. ‘ड्रायव्हर, गाडी काढ’ म्हणणारी त्यांची बायको होती.

आता तुमच्यापुढे काय आहे ते ऐका. निपा वाघळाच्या लाळेतून येतो, पण त्याचा ताप लगेच येत नाही. चार दिवसांनी येतो, नाहीतर दहा-पंधरा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. तोवर काहीच कळत नाही, माणूस जेवतो, बाजार करतो. तुम्ही फरीदपूरला हॉस्पिटलात जायचं आणि आमच्या टीमच्या डॉक्टर मेहजाबीन आपांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की मी कच्चा रस प्यायलो. आणि गेल्या साली माझी बायकोही प्यायली होती, तेव्हा मी खोटं बोललो. दोन वाक्यं. ती ऐकल्याशिवाय मी तुमच्या गावातून हलणार नाही.

जोबेद


२५ पौष, टीमच्या तंबूतून

दुलाभाई,

मोकबूल चाचा सांगतो, तुम्ही दिवसातून दहादा कपाळाला हात लावून बघता. त्यानं तुम्हाला विचारलं, ‘ताप आहे का मातुब्बर?’ तर तुम्ही म्हणालात, ‘तुला काय करायचंय, तू व्हॅन हाक.’ चाचाला फार वाईट वाटलं. तो मला म्हणतो, ‘काय रे, कसली चिठ्ठी दिलीस? नोटीस आहे का कोर्टाची?’ मी म्हटलं, ‘प्रेमपत्र आहे.’ तो इतका हसला की बर्फाचं खोकं पडता पडता राहिलं.

मी काय काम करतो हे तुम्हाला बघायचं असेल तर या एकदा. दोन उंच बांबू, मधे केसासारखी बारीक जाळी. वाघळं पहाटे चरून परततात तेव्हा अडकतात. दोरी सोडून जाळी खाली घेणं माझं काम. जाड हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी बघतच राहिलो, तोंड अगदी कुत्र्याच्या पिल्लाचं. तपकिरी डोळे. कापडात गुंडाळलं की गप्प होतं. आपा पंखाच्या शिरेतून रक्त काढतात, तोंडातून कापसाचा बोळा फिरवतात, थोडा फळांचा रस पाजतात आणि मग मी त्याला झाडाला टांगून सोडून देतो. मला वाटलं होतं, मी त्यांच्या माना मुरगाळीन. एकाचीही मुरगाळली नाही. आपा म्हणतात, तो विषाणू त्यांच्या अंगात मुकाट राहतो, त्यांना काही होत नाही, त्यांना ठाऊकही नसतं. ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर कसला राग धरायचा? राग ठाऊक असणाऱ्यावर धरावा.

चितगावला जुनी जहाजं तोडली, बरीशालच्या लाँचवर भांडी घासली, सुंदरबनात मधवाल्यांच्या मागून हिंडलो, तिथं तर एका माणसानं मला मुलगी द्यायचं ठरवलं होतं, पण ते असो. कुठंच टिकलो नाही. इथं टिकलोय. आपांना वाटतं मला काम आवडतं. तुम्ही इथून जवळ राहता, एवढंच खरं आहे.

तुमच्या झाडांवर आपांनी कॅमेरे बांधलेत हे तुम्ही बघितलंच असेल. अंधारात दिसणारे आहेत. वाघूळ येतं ते मडक्यात तोंड घालतच नाही, दुलाभाई. तासलेल्या खोडाला पंजांनी धरतं आणि रस जिथून पाझरतो तिथंच चाटतं. चाटलेला रस ओघळून खाली मडक्यात. त्यासाठी बांबूच्या कामट्यांची पडदी खोडालाच बांधावी लागते, तासलेल्या भागावरून मडक्यापर्यंत. तुमचे वडील बांधायचे, मी पाहिलंय. तीसुद्धा बांधली तरी कच्चा पिऊच नका, आपा गावागावात हेच ओरडत फिरतायत. तुम्ही मडक्याच्या तोंडाला जाळी लावली, कारण फोटोत ती चांगली दिसते.

बुबूचं लिहितो. रोज पहाटे ओट्यावर मडकी उतरली की ती करवंटी घेऊन बसायची. एकेका मडक्यातला घोटभर रस चाखायचा. झाडाला विश्रांती देऊन काढलेला गोड, नितळ रस ढाक्याला कच्चा पाठवायचा, जरा आंबूस लागला की काहिलीत, गुळाला. सगळ्या गावात तिच्यासारखी जीभ नाही, असं तुम्हीच चारचौघांत म्हणायचात. एकेका मडक्यातला घोट, दुलाभाई. जे वाघूळ ज्या झाडावर येईल, ते आधी तिच्या तोंडात.

आणि तिला शुद्ध राहिली नाही तेव्हा आपांनी तुम्हाला वॉर्डाच्या दारात विचारलं, ‘बायकोनं कच्चा रस प्यायला होता का?’ तुम्ही म्हणालात, ‘छे आपा, आमच्या घरच्या बायका रस पीत नाहीत.’

तुमचा ढाक्याचा धंदा त्याच हिवाळ्यात उभा राहत होता. मला कळतं. नुसतं कळून मी काय करू?

जोबेद


१ माघ

दुलाभाई,

तुम्ही पाठवलेले पिठे मिळाले. तांदळाच्या पिठाचे, नव्या गुळाचे, नारळ घातलेले, वर फडकं बांधलेलं. संक्रांतीला मेहुण्याच्या घरून पिठे येतात, सगळ्या टीमनं वाहवा केली. मी खाल्ले नाहीत. मोकबूल चाचानं चार खाल्ले आणि म्हणाला, ‘माणूस वाईट असेल, पण गूळ चांगला आहे.’

बरोबरची चिठ्ठी वाचली. ‘जे झालं ती अल्लाची मर्जी. तू धाकटा भाऊ आहेस, घरी ये, बसून बोलू.’

अल्लाला मधे घालू नका. अल्लानं तुम्हाला आपांच्या समोर उभं केलं होतं आणि तोंडात जीभ दिली होती. त्याच्या बाजूनं त्यानं सगळं केलं.

तुम्हाला बहुधा कुणी सांगितलंच नाही की तुमच्या त्या एका ‘छे’नं काय झालं. मी सांगतो, कारण मी विचारून घेतलंय. आपांना मी आडून विचारलं, ‘समजा एखाद्यानं रस प्यायला म्हणून आधीच सांगितलं, तर काय करता?’ त्या म्हणाल्या, ‘मग त्याच मिनिटाला वेगळी खोली. जवळ एकच माणूस, तोही मास्क लावून. ताट-पेला वेगळा. रोग्याच्या थुंकीतून, लाळेतून जातो हा.’ तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा डॉक्टरांना दुसरे दहा ताप सुचले, आणि बुबू मोठ्या वॉर्डात, सगळ्यांच्यात. मा तिच्या उशाशी. मा पदरानं तिचं तोंड पुसायची, त्याच पदरानं स्वतःचा घाम. बुबूनं एक घास खाऊन तोंड फिरवलं की उरलेला भात माच्या पोटात. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली होती म्हणे, ‘टाका की तो भात.’ मा म्हणाली, ‘माझ्या लेकीच्या तोंडचा आहे, टाकू कसा?’

मी चितगावहून पोचलो तेव्हा बुबूला पुरून झालं होतं आणि माचं डोकं दुखायला लागलं होतं. तिला मी सांभाळलं. तोवर आपांना संशय आला होता, म्हणून मला मास्क मिळाला, हातमोजे मिळाले. शेवटी मा मला ओळखेना. मला दुलाभाई म्हणायला लागली. ‘दुलाभाई, हासनाला आता रोज रोज चाखायला बसवू नका हो, तिला थंडी बाधते.’ जावयाला दुलाभाई म्हणत होती, बघा. काय गोंधळ झाला असेल डोक्यात. पण चाखण्याचं तिनं बरोबर सांगितलं.

तुम्ही म्हणाल, मग तूच का नाही गेलास आपांकडे? गेलो असतो. मेहुण्याची कुरबुर म्हणून त्यांनी ऐकून घेतलं असतं, तुम्हाला बोलावलं असतं आणि तुम्ही पाक ओतला असता. आपा गेलं सबंध वर्ष शोधतायत, हासना बानूला रोग कुठून झाला. अर्धवट खाल्लेले पेरू तपासले, शेजारची डुकरं तपासली, तळ्याचं पाणी नेलं. ढाक्याला मोठ्या साहेबांसमोर भिंतीवर नकाशा लावतात, त्यात तुमच्या घरावर प्रश्नचिन्ह आहे. ते तुमच्या तोंडून पुसलं जायला हवं. माझ्या नाही.

आणि आता ऐका. २२ पौषचं तुमच्या झाडाचं चित्र मी पाहिलं. कॅमेऱ्यातलं. काय होतं त्यात ते सांगत नाही.

पिठ्यांचं ताट परत पाठवतोय.

जोबेद


४ माघ

दुलाभाई,

हे घाईत लिहितोय. पहिल्यांदा हे वाचा, मग बाकीचं काय ते करा.

मोकबूल चाचा आता येऊन सांगून गेला की कालपासून तुमचं डोकं दुखतंय, अंगही तापलंय, आणि झुमकी तुमचं डोकं चेपत बसलीय. ‘पोर किती गुणी आहे,’ म्हणाला, ‘बापाचा उरलेला चहासुद्धा टाकत नाही, पिऊन टाकते.’ मी तसाच कागद शोधायला धावलो. चाचा म्हणतो, ‘तुला काय झालं? तुलाच तर हवं होतं ना?’ ह्या माणसाला वाचता येत नाही असं मी समजत होतो. वाचायची गरजच नाही त्याला.

झुमकीला आत्ताच्या आत्ता खोलीबाहेर काढा. तिच्या फुपूकडे, तुमच्या बहिणीकडे, पाठवू नका, फुपूला लहान मुलं आहेत. तिला अंगणात बसवा, साबणानं हात-तोंड धुवायला लावा, मी येऊन घेऊन जातो. तुमचा पेला, ताट, टॉवेल, काही कुणाला धुवायला देऊ नका. दार लावून बसा. कुणी जवळ आलं तर तोंड फिरवा.

आणि चित्राचं. मी चित्र पाहिलं नाही. २२ पौषच्या पहाटे तुमच्या झाडावरचा कॅमेरा बंद होता, बॅटरी संपलेली. मला बाकीच्या झाडांची चित्रं दाखवली, त्यांत एकात वाघूळ आहे, एकात उंदीर आहे, एकात आमच्याच टीमच्या माणसाचं टाळकं आहे. तुमच्या झाडाचं काही नाही. वाघूळ आलं होतं का, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला रात्र-रात्र झोप लागू नये म्हणून मी ते लिहिलं होतं. लागली नसेल तर ते चांगलंच झालं, ते मी मागे घेत नाही. पण मुलीच्या बाबतीत खोटं नको, म्हणून सांगतो.

हॉस्पिटलची गाडी मी बोलावलीय. झुमकी माझ्यापाशी राहील, तुम्ही गाडीत बसा. वाटेत ती दोन वाक्यं तोंडात घोळवून ठेवा.

जोबेद


७ माघ, फरीदपूर, हॉस्पिटलसमोरचं चहाचं दुकान

दुलाभाई,

झुमकी बरी आहे. दोन वेळा तपासली, ताप नाही, मला पत्ते खेळून हरवते आणि विचारते, ‘मामा, तू दाढी का करत नाहीस, चोरासारखा दिसतोस.’ तिला बघायला रोज एक नर्स येते. नर्सच्या तोंडावर मास्क बघून झुमकी पहिल्या दिवशी रडली, आता तिलाही एक मास्क हवाय, लाल.

तुम्हाला गाडीतून उतरवलं तेव्हा मी फाटकापाशीच होतो, तुम्ही पाहिलं नाहीत. दोन वाक्यांपैकी पहिलं मी कान टवकारून ऐकायला थांबलो होतो. मला वाटलं होतं, तुम्ही अडखळाल, इकडे-तिकडे बघाल, चारदा विचारावं लागेल, मग कुठं ते घशातून निघेल. वर्षभर मी ते बघण्यासाठी जगत होतो असं म्हटलं तरी चालेल. आणि तुम्ही काय केलंत? गाडीचं दार उघडायच्या आधीच ओरडायला लागलात. ‘मी कच्चा रस प्यायलोय, कच्चा, जाळीचा काही उपयोग नसतो, मला वेगळी खोली द्या.’ फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगितलंत. त्याचा काय संबंध? तो बिचारा बिडी टाकून पळाला.

इतकं सोपं होतं ते वाक्य. स्वतःसाठी बोलायचं म्हटल्यावर ते पहारेकऱ्यालासुद्धा सांगता आलं.

 त्या दिवशी मी सरळ आपांकडे जाऊन म्हटलं, ‘आत जायला माणूस नाहीये ना? मी जातो.’ वॉर्डातली दोन माणसं निपाचं नाव ऐकून घरी निघून गेली होती. आपांनी मला नीट तपासून तो सगळा पोशाख चढवला, पायापासून डोक्यापर्यंत, दोन मोजे, चष्मा, वर काचेचा पडदा. आरशात मी मलाच ओळखलं नाही. तुम्ही तर नाहीच ओळखलंत.

काल तुम्हाला ओकारी आली तेव्हा भांडं धरणारा माणूस मी होतो. चमच्यानं पाणी पाजणारा मी. तुम्ही माझ्या हातमोज्याला धरलंत आणि म्हणालात, ‘भाई, तुमची आई धन्य आहे, कुणीच जवळ येत नाही माझ्या.’ माझ्या आईचं नाव तुमच्या तोंडून निघालं तेव्हा मी भांडं खाली ठेवलं. बोललो नाही, आवाज ओळखला असतात.

आज सकाळी आपा काचेपलीकडे आल्या. मधे बसवलेल्या फोनमधून त्यांनी विचारलं, ‘घरात याआधी कुणाला असा आजार?’

 मी तुमच्या उशाशी उभा होतो. मग तुम्ही काचेकडे न बघता माझ्याकडे बघून, हळू आवाजात म्हणालात, ‘भाई, माझी बायको. ती रोज चाखायची. मीच बसवायचो. तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना नाही म्हटलं होतं. तुम्ही सांगा त्यांना, माझी हिंमत होत नाही. पण माझ्या मेहुण्याला कळू देऊ नका, तो पोरगा मला मारून टाकेल.’

मी काचेकडे बोट दाखवलं आणि आवाज बदलून, घोगरा करून म्हटलं, ‘मोठ्यानं. त्यांना.’

तुम्ही मोठ्यानं सांगितलंत. आपांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मी पुन्हा बोट दाखवलं. पुन्हा सांगितलंत. मग आपांना ऐकू आलं होतं, मला कळलं होतं, पण मी आणखी एकदा बोट दाखवलं. तिसऱ्यांदा तुम्ही रडत रडत सांगितलंत, ‘हासना रोज चाखायची, मी खोटं बोललो, अम्मा माझ्यामुळं गेली.’ माचं मी मागितलं नव्हतं. ते तुम्ही आपणहून दिलंत, ते मी घेतलं.

 मी बाहेर आल्यावर आपा मला म्हणाल्या, ‘हासना बानू तुझी बहीण. तुला ठाऊक होतं?’ मी हो म्हटलं. ‘आणि वर्षभर मला डुकरं धरायला लावलीस?’  त्यांनी मला कामावरून काढलं नाही, पण माझ्याकडे न बघता तुमच्या रक्ताच्या बाटल्या घेऊन ढाक्याला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत कळेल. त्यांचं आणि माझं काय ते मी बघून घेईन.

वाटलं होतं, ते वाक्य ऐकलं की आतलं सगळं शांत होईल. तुमच्या व्हिडिओत तुम्ही म्हणता ना, एक पेला घ्या आणि छाती थंड करा, तसं. काही थंड झालं नाही. फक्त आता नकाशावरचं ते प्रश्नचिन्ह जाईल, आणि पुढच्या हिवाळ्यात आपांची माणसं ओट्यावरच्या बायकांनाही विचारतील, तुम्ही चाखता का. याआधी त्यांनी फक्त पिणाऱ्यांना विचारलं होतं. चाखणाऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं. एवढं बुबूच्या नावावर जमा.

मघाशी आपांचा फोन आला. वॉर्डातला फोन लागत नव्हता म्हणून माझ्या फोनवर. सरळ कामाचं बोलल्या. ‘निपा नाहीये. दोनदा तपासलं. साधा फ्लू आहे, दोन दिवसांत उठून बसेल. ताबडतोब जाऊन सांग त्याला, बिचारा भीतीनंच अर्धा झालाय. आणि जोबेद, ताबडतोब म्हणजे ताबडतोब.’

मी म्हटलं, ‘हो आपा.’

झुमकीला जाऊन सांगितलं. तिनं विचारलं, ‘अब्बू मरणार नाही?’ म्हटलं, नाही. तिनं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग मी तुमच्याकडे यायला निघालो. खरंच निघालो होतो. रस्ता ओलांडला, फाटकातून आत आलो, पोशाखाच्या खोलीपर्यंत आलो, एक मोजा चढवलासुद्धा. मग तो काढून डब्यात टाकला आणि इथं या दुकानात येऊन बसलो.

इथून तुमची खिडकी दिसते. तुम्ही मघापासून तीनदा उठून बसलात. एकदा दोन्ही हात वर करून काहीतरी पुटपुटलात, दुआ मागत असाल. एकदा काचेवर हात आपटलात, बाहेर कुणी नाही. चहावाला मला विचारतोय, ‘आतमध्ये तुमचं कुणी आहे का?’ मी म्हटलं, ‘मेहुणा आहे.’ म्हणाला, ‘मग जा ना भाई, इथं काय बसलात?’ मी आणखी एक चहा सांगितला.

हे पत्र मोकबूल चाचा उद्या सकाळी पहिल्या फेरीला येईल, तेव्हा तुमच्या हातात ठेवेल. त्याला सांगून ठेवलंय, उजाडायच्या आत द्यायचं नाही.

तोवर तुम्हाला निपा आहे.

जोबेद